परदेशी कुक, भाषाशिक्षक आणि ‘सगळंच बघणारा माणूस’: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशीच्या सेक्टर १७ मधून काय किंवा घोडबंदर रोडवरून काय, मालकाचा फोन येतो तो साधारण असा: “एक थाई माणूस हवाय. किचन बघेल, गर्दीच्या वेळी गल्ल्यावर बसेल, आपल्या पोरांना शिकवेल.” मालकाच्या मनात ही एकच नोकरी असते. कागदावर मात्र त्या तीन होतात, आणि त्यातली कुठली खरी हे आधी ठरवलं नाही तर पुढची प्रत्येक पायरी चुकते. गेली काही वर्षं अशा नेमणुकांच्या व्हिसाच्या फायली तयार करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले ते इथे घेतले आहेत.

पोस्टला एक नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं. वर्गीकरणाची एवढी उठाठेव कशाला?

कारण पगार त्यावर ठरतो. भारतात परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. तो कुशल किंवा उच्चशिक्षित माणसालाच मिळतो. ज्या कामाला इथली माणसं सहज मिळतात त्यासाठी तो नाही, आणि रोजच्या साध्या किंवा कारकुनी कामासाठी तर नाहीच. त्यावर पगाराची अट आहे: वर्षाला १६ लाख २५ हजार रुपयांहून जास्त. म्हणजे महिन्याला साधारण १ लाख ३५ हजार ४०० च्या वर. चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलवाल्याने हा आकडा ऐकला की फोनवर थोडा वेळ शांतता असते.

या पगाराच्या अटीतून काही जणांना सूट आहे. आपल्या देशाचे पदार्थ करणारा कुक, इंग्रजी सोडून इतर भाषेचा शिक्षक, अनुवादक किंवा दुभाषा, आणि वकिलातींचे कर्मचारी. छोट्या व्यावसायिकाच्या कामाच्या पहिल्या दोनतीनच. पण सूट मिळते ती त्या कामाला. माणसाच्या पासपोर्टला नाही आणि तुमच्या पाटीवरच्या ‘ऑथेंटिक थाई’लाही नाही. त्याच थाई माणसाला तुम्ही मॅनेजर केलंत की सूट संपली.

आणि सूट फक्त पगाराच्या आकड्यापुरती आहे. कौशल्य दाखवावं लागतंच. दहा वर्षं कुठल्या किचनमध्ये होता, काय शिकला, याचे कागद हवेतच.

१६.२५ लाखांत फ्लॅटचं भाडं आणि जेवण धरता येतं का?

रोख पगार आणि रोख भत्ते पूर्ण धरतात. सवलती धरतात, पण आयकराच्या हिशोबात जेवढी किंमत येते तेवढीच, आणि ती करारात रुपयांत लिहिलेली हवी. “राहण्याची सोय कंपनीकडून” एवढ्या वाक्याला शून्य किंमत.

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून उदाहरणच घेऊ. महिना १ लाख १० हजार पगार, म्हणजे वर्षाचे १३ लाख २० हजार. शिवाय घोडबंदरला ४० हजार भाड्याचा फ्लॅट घेऊन दिला, वर्षाचे ४ लाख ८० हजार. बेरीज १८ लाख, झालं काम, असं मालकाला वाटतं. पण भाड्याने घेऊन दिलेल्या घराची करपात्र किंमत धरताना प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल ते घेतात. म्हणजे ४ लाख ८० हजारांऐवजी १ लाख ३२ हजार. बेरीज होते १४ लाख ५२ हजार, आणि फाइल अडकते. त्यापेक्षा पगारच वाढवा आणि भाडं त्याचं त्याला भरू द्या. ऑफर लेटर देण्याआधी हा हिशोब तुमच्या सीएकडून करून घ्या.

आमचा कुक किचनबरोबर माल, हिशोब, गिऱ्हाईक, सगळंच बघणार. मग तो कुक की मॅनेजर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मिश्र काम कुठल्या खात्यात टाकायचं याचे नियम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात घालून दिले आहेत. आपल्या श्रम मंत्रालयाचं २०१५ चं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, म्हणजे एनसीओ, त्याच पायावर उभं आहे. नियम ऐकायला सोपे आहेत.

एकाच माणसाच्या कामांना कमीजास्त कौशल्य लागत असेल, तर ज्याला जास्त कौशल्य लागतं त्या कामावरून नोकरी ठरते.

माल तयार करणं आणि तो विकणं, पोचवणं, त्याची व्यवस्था बघणं अशी कामं एकत्र असतील, तर तयार करण्याला मान. पाव भाजून तोच काउंटरवर विकणारा बेकर ठरतो, विक्रेता नाही. यंत्र चालवता चालवता नव्या पोराला शिकवणारा यंत्रचालकच राहतो. स्वतःची टॅक्सी चालवून रात्री हिशोब लिहिणारा ड्रायव्हरच. अट एवढीच, की दुसरं काम पहिल्यावर चढून बसलेलं नसावं.

ते चढून बसलंय का हे कळण्यासाठी मी मालकांना एक कंटाळवाणं काम सांगतो. नेमणूक करायच्या आधी वही घ्या आणि आठवड्याचे ४८ तास मांडा. मनातलं नाही, खरं.

समजा एकाचा आठवडा असा आहे. खलबत्त्यात करी पेस्ट कुटणं, गवती चहा आणि गलंगल (थाई आलं) निवडणं, स्टॉक लावणं यात २० तास. ऑर्डरी काढणं १८ तास. वाशीच्या एपीएमसीतून आलेली भाजी तपासणं आणि उद्याचा माल सांगणं ४ तास. मदतनीस पोरांना शिकवणं ४ तास. टेबलापाशी जाऊन “तिखट कमी करू का?” विचारणं २ तास. एकूण ४८. हा माणूस कुक आहे. शिकवतो म्हणून शिक्षक झाला नाही, माल सांगतो म्हणून खरेदी अधिकारी झाला नाही. मेनू तोच ठरवत असेल, किचनची माणसं तोच हाकत असेल, तर तो शेफच्या खात्यात जाईल. तरी पाय चुलीपाशीच.

आता दुसरा आठवडा. किचन १६ तास, फ्लोअरवर वेटरांना सांभाळणं १४, गल्ला आणि हिशोब १०, सप्लायरांशी घासाघीस ५, इन्स्टाग्रामचे व्हिडिओ ३. हेही ४८ च. पण ४८ पैकी ३२ तास चुलीपासून लांब. करारावर तुम्ही ‘कुक’ लिहाल, काम मात्र हॉटेलच्या मॅनेजरचं आहे. त्याला कुकची सूट लावणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुदतवाढीला स्वतःच्या हाताने खड्डा खणून ठेवणं.

मग उपाय? नोकरी फोडा. गल्ला, फ्लोअर आणि सप्लायर यासाठी इथला माणूस ठेवा. ऐरोलीचा किंवा कळव्याचा एखादा हॉटेल मॅनेजमेंट केलेला मुलगा हे तिन्ही चांगलं करेल, आणि त्याला व्हिसा लागत नाही. मालक म्हणतात, दोन पगार परवडत नाहीत. एकाला मॅनेजर दाखवून १६.२५ लाखांच्या वर द्यायची तयारी असेल तर प्रश्नच नाही. पण मग हॉटेल सांभाळायला भारतात माणूस मिळत नव्हता का, याचं उत्तरही द्यावं लागतं, आणि ते उत्तर माझ्याकडे तरी नसतं.

एनसीओचा नंबर व्हिसाच्या अर्जात कुठे भरायचा?

व्हिसाच्या अर्जात तुमचं पद आणि काम शब्दांत लिहायचं असतं. नंबर आपल्या स्वतःच्या शिस्तीसाठी. एनसीओचा नंबर आठ आकडी असतो आणि त्याचे पहिले चार आकडे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले: कुक ५१२०, शेफ ३४३४, रेस्टॉरंट मॅनेजर १४१२, इतर भाषांचे शिक्षक २३५३, अनुवादक व दुभाषे २६४३. त्या नंबराखालचं कामाचं वर्णन वाचा आणि शेजारी आपली वही ठेवा. जुळत नसेल तर नंबर बदला, वही बदलू नका.

‘शेफ-कम-मॅनेजर’ असं लिहिलं तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातील ना?

दोन्ही बाजूंनी मार बसतो. ‘कम’ हा शब्द वाचणाऱ्याला सांगतो की या माणसाचं नेमकं काम मालकालाच ठाऊक नाही.

हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतोय. सुरुवातीच्या काळात एका फायलीत मी कुकला ‘रेस्टॉरंट एक्झिक्युटिव्ह’ लिहिलं. मालकाला आवडलं, भारदस्त वाटलं. मलाही वाटलं, पद मोठं दिसलं की काम पटकन होईल. शंका आली ती नेमकी त्यावरच: एक्झिक्युटिव्ह असेल तर पगार मर्यादेखाली कसा? आणि कुक असेल तर तसं लिहिलं का नाही? नवं पत्र, नवा करार, पुन्हा अर्ज. दोन महिने गेले. मालकाने जुईनगरला घेऊन ठेवलेला वन बीएचके तोवर रिकामा, भाडं चालू. ते भाडं त्याने माझ्याकडे मागितलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

तेव्हापासून मी पद साधं लिहितो आणि कामं क्रियापदांत लिहितो. ‘किचन ऑपरेशन्सची जबाबदारी’ असं नाही. ‘थाई करी पेस्ट, सूप, नूडल्स व भाताचे पदार्थ स्वतः तयार करेल, दोन मदतनिसांना या पद्धती शिकवेल, लागणाऱ्या मालाची यादी देईल. पैसे घेणे, हिशोब व वेटरांची देखरेख याचा कामात समावेश नाही.’ शेवटच्या वाक्याने अर्धे प्रश्न आधीच मिटतात. अर्थात ते वाक्य खरं असेल तरच लिहा.

थाई कुकने चायनीज आणि पिझ्झाही केला तर चालेल का?

एखाद्या टेबलाला हाका नूडल्स करून दिले म्हणून कोणी काही म्हणणार नाही. पण सूट आहे ती आपल्या देशाची पाककला घेऊन आलेल्या माणसासाठी. तुमच्या मेनूत आठ पानं पंजाबी-चायनीज आणि कोपऱ्यात दोन थाई करी असतील, तर थाई कुक कशाला हवा हा प्रश्न कोणालाही पडेल. मेनूकार्ड फायलीला लावायची माझी पद्धत आहे. मेनू तुमच्या बाजूने बोलत नसेल तर आधी मेनू सुधारा.

आमचा भाषांचा क्लास आहे. जपानी शिक्षिका शिकवेल, शिवाय प्रवेशाचं आणि जाहिरातीचंही बघेल. चालेल?

शिकवणं, तासाची तयारी, पेपर तपासणं, जेएलपीटीच्या परीक्षेची तयारी करून घेणं, पालकांना मुलाची प्रगती सांगणं: हे सगळं शिक्षिकेचंच काम. प्रवेशाचे फोन घेणं, फी गोळा करणं, कॉलेजांत जाऊन क्लासची जाहिरात करणं: हे नाही. नौपाड्यातल्या एका क्लासच्या बाईंनी मला वेळापत्रक दाखवलं होतं, त्यात आठवड्याला फक्त नऊ तास शिकवणं आणि बाकी ‘कोऑर्डिनेशन’. मी त्यांना म्हटलं, बाई, ही शिक्षिका नव्हे, ही तुमची ऑफिस असिस्टंट, आणि कारकुनी कामाला हा व्हिसा मुळीच नाही. त्यांनी बॅचेस वाढवल्या, मगच पुढे गेलो.

इंग्रजीच्या शिक्षकाला ही सूट नाही, हे लक्षात ठेवा. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला ‘फॉरेनर टीचर’ आणायचा तर पगार १६.२५ लाखांच्या वर, आणि इथे इंग्रजीचे शिक्षक मिळत नाहीत असं ठाण्यात उभं राहून सांगायचं. त्याला मी नाही म्हणतो.

महापे एमआयडीसीत आमचा एक्सपोर्टचा धंदा आहे. चिनी किंवा कोरियन दुभाषा हवा, जो मालाची क्वालिटीही बघेल आणि ऑर्डरीही आणेल.

पत्रव्यवहार, ड्रॉइंगवरच्या टिपा, मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंचं बोलणं सांगणं हे दुभाष्याचं. क्वालिटी तपासताना शेजारी उभं राहून गिऱ्हाइकाचं म्हणणं समजावणं हेही दुभाष्याचंच. पण मायक्रोमीटर त्याच्या हातात आणि ‘पास-रिजेक्ट’ची सही त्याची, तर तो क्वालिटीचा माणूस. टार्गेट आणि कमिशन ठरलेलं असेल तर तो विक्रीचा माणूस. सही कोणाची आणि कमिशन कोणाला, ही दोन उत्तरं दिलीत की पद आपोआप कळतं.

आधी टुरिस्ट व्हिसावर बोलावून महिनाभर काम बघावं म्हणतोय.

नको. टुरिस्ट व्हिसावर ट्रायलसुद्धा कामच. बिझनेस व्हिसाही तुमच्याकडे नोकरी करण्यासाठी नसतो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायद्यात व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय इथे आल्यावर टुरिस्टचा एम्प्लॉयमेंट व्हिसा करून घेऊ, हेही डोक्यातून काढा. तो अर्ज त्याच्या मूळ देशातून करावा लागतो, किंवा दोन वर्षांहून जास्त काळ जिथे कायम राहतोय त्या देशातून. हाताची चव बघायचीच असेल तर तुम्ही बँकॉकला जा. तिकीट दंडापेक्षा स्वस्त पडतं.

ठाण्यात एक शाखा, नेरूळला दुसरी. कुक दोन्हीकडे जाऊ शकतो का?

दोन्ही शाखा एकाच फर्मच्या असतील तर दोन्ही पत्ते करारात लिहा. पण नेरूळची शाखा बायकोच्या नावावर वेगळ्या फर्मची असेल, वेगळा गुमास्ता, वेगळा जीएसटी, तर ती दुसरी मालक. व्हिसा एका मालकाचा असतो. मालक बदलायचा तर सर्वसाधारणपणे देश सोडून नव्याने व्हिसा घ्यावा लागतो. होल्डिंग कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांना काही मोकळीक आहे, पण नवराबायकोच्या दोन प्रोप्रायटरशिप म्हणजे होल्डिंग कंपनी नव्हे. “आमचं घर एकच आहे हो” हे मी बऱ्याचदा ऐकलं आहे.

वर्षभराने त्याला बढती देऊन मॅनेजर केलं तर?

चांगलं काम करणाऱ्याला वर न्यावंसं वाटणारच. पण त्या दिवसापासून कुकची सूट त्याच्या कामाला लागू नाही. बढतीचं पत्र देण्याआधी एफआरआरओला, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवा आणि पगार मर्यादेच्या वर न्या. आणखी एक प्रकार दिसतो: बढती कागदावर होतच नाही, हळूहळू होते. आधीचा मॅनेजर सोडून जातो, चार दिवस कुक गल्ल्यावर बसतो, आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहतो. म्हणून ती ४८ तासांची वही दर सहा महिन्यांनी पुन्हा काढा.

नेपाळी मुलांना हे सगळं लागतं का?

नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना इथे काम करायला व्हिसा लागत नाही, म्हणून पगाराची ही मर्यादाही नाही. नेपाळशी १९५० चा करार आहे. पीएफसाठीही त्यांना भारतीय कामगारांसारखंच धरतात. ओळखपत्राची प्रत तेवढी ठेवा.

आणि दार्जिलिंग, मिझोराम, मणिपूरची मुलं भारतीय आहेत. हे लिहावं लागतंय याचीच लाज वाटते, पण “याचा व्हिसा बघाल का?” म्हणून आधार कार्डाचा फोटो पाठवणारे मालक मला भेटले आहेत.

ओसीआय कार्डवाला, परदेशी विद्यार्थी किंवा कोणाची परदेशी पत्नी: यांना ठेवता येतं?

ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि भारतीयांच्या परदेशी जोडीदारांना मिळणारं कार्ड. ते असेल तर आनंदाने ठेवा. एम्प्लॉयमेंट व्हिसा नको, किचन आणि गल्ला दोन्ही दिलं तरी चालेल. स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला पार्टटाइम नोकरी देता येत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे डिपेंडंट म्हणून राहणाऱ्या बाईंनाही तशा व्हिसावर थेट काम देता येत नाही. भारतीयाशी लग्न झालेली परदेशी व्यक्ती असेल तर नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआयचा अर्ज करता येतो. तोवर थांबा.

पीएफ आणि कर?

तुमच्याकडे पीएफ लागू असेल, म्हणजे साधारण २० किंवा जास्त माणसं असतील, तर परदेशी कामगाराला पीएफसाठीची १५ हजार पगाराची मर्यादा नाही. १२ टक्के पूर्ण पगारावर, आणि तेवढेच मालकाचे. २००८ पासून हे असंच आहे. ज्या देशांशी आपला सामाजिक सुरक्षा करार आहे, जपान त्यात आहे, तिथल्या कंपनीने इकडे पाठवलेला माणूस तिकडचं प्रमाणपत्र दाखवून सुटतो. तुम्ही थेट नेमलेला जपानी त्यात बसत नाही.

कर पहिल्या पगारापासून कापा, त्याआधी पॅन काढा. मुदतवाढीच्या वेळी टीडीएसचे कागद मागतात, आणि त्यात दिसणारा पगार करारातल्या पगाराशी जुळावा लागतो. “थोडे रोख देतो” हा धंदा इथे उघडा पडतो.

माणूस विमानतळावर उतरला. आता?

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. पूर्वी त्यासाठी मुंबईत झेवियर्स कॉलेजमागच्या ऑफिसात सकाळपासून रांगेत उभं राहायचो. आता ई-एफआरआरओच्या पोर्टलवरून अर्ज होतो. तुम्ही त्याला ज्या घरात ठेवाल त्या घरमालकाने २४ तासांत माहिती भरायची असते, ज्याला आपण सी-फॉर्म म्हणत आलो. हॉटेलवाले हे करतात, फ्लॅटमालकाला ते ठाऊकच नसतं. त्यामुळे चावी घेताना त्याच्यासमोर बसून ते भरून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री वॉचमनचा फोन तुम्हाला येतो: “साहेब, कोणीतरी फॉरेनर आलाय, वर सोडू का?”